गेटवरच्या पंच्याण्णव टिकल्या

मुलगी सातवीत असताना तिचा पाय दुखायला लागला. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात आहे. दर तासाला मीटरवरचे आकडे वहीत उतरवायचे, हे माझं वीस वर्षांचं काम. त्यामुळे घरात काही बिघडलं तरी मी आधी वही काढतो आणि मग डॉक्टरकडे जातो. तीन आठवड्यांच्या नोंदींवरून दोन गोष्टी दिसल्या. एक, पाय फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी दुखतो. दोन, उजवा असायला हवा तो पाय दोन वेळा डावा होता.

मला वाटलं, त्या दिवशी दप्तर जड असेल. म्हणून वजन केलं. मंगळवारी पाच किलो दोनशे, बुधवारी पाच किलो आठशे. म्हणजे उलटंच. हाडांच्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि तिला उडी मारायला सांगितली. तिने छान उडी मारली, मग एकदम आठवल्यासारखी लंगडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "पाय उत्तम आहे. दुसरं काहीतरी बघा."

मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेत खो-खोचा सराव असतो, हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं. ते बायकोला माहीत होतं.

"अहो, जिले खो-खोशिवाय चैन नव्हतं पडत, तिनं दोन महिने झाले खो-खोचं नाव नाही काढलं," ती म्हणाली.

क्रीडा शिक्षकांचा निरोपही आला होता. महिन्याभरात शाळेच्या संघाची निवड होती. वर्गात हिच्याइतकं कुणी पळत नाही, पण निवडीला आली नाही तर नाव कापावं लागेल. मी मुलीला विचारलं, "काहून नाही जात?"

"पाय," ती म्हणाली आणि भरल्या वांग्यातला मसाला पोळीने पुसून खाऊ लागली.

त्याच महिन्यात शाळेने चिडवाचिडवी थांबवायची मोहीम काढली. पालकांची सभा झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एक चिडवतो, एक चिडतो आणि चाळीस हसतात. आजवर आपण त्या एकाला ओरडत आलो. आता काम चाळिसांवर करायचं आहे. आणि फक्त मुलांवर नाही. शिक्षक, शिपाई, व्हॅनवाले, आई-वडील, सगळ्यांवर."

गांधीबागेत कापडाचं दुकान असलेले एक धिप्पाड पालक उठले. "मॅडम, थोडीफार मस्करी तर चालतेच. आमालेबी चिडवत होते शाळेत. काय बिघडलं?"

"काय म्हणून चिडवत होते?" मॅडमनी सहज विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"सांगा ना भाऊ," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाही सांगत," ते म्हणाले आणि खाली बसले. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल. कान लाल झाले होते.

मोहिमेचं पहिलं काम नकाशाचं होतं. क्रीडा शिक्षकांनी मोठ्या कागदावर शाळा काढली. पाचवी ते आठवीतल्या चौऱ्याऐंशी मुलांना प्रत्येकी तीन लाल टिकल्या दिल्या, बायका कपाळाला लावतात त्याच. जिथे जायला नको वाटतं, तिथे टिकली चिकटवायची. नाव लिहायचं नाही, कुणी बघत उभं राहायचं नाही. सभेत मी विचारलं होतं, की दोनशे बावन्न टिकल्या वाटणार, तर परत किती आल्या हे कोण बघणार? अशा प्रश्नाचं जे बक्षीस असतं ते मला मिळालं. नकाशा गुंडाळून माझ्या स्कूटरवर आला.

मोजणी बैठकीच्या खोलीत, फरशीवर झाली. शिक्षकांचा अंदाज पाण्याच्या टाकीमागचा होता. तिथे एकतीस निघाल्या. जिन्याखाली सत्तावीस. व्हॅन थांबतात तिथे चाळीस. बाकी शाळाभर मिळून बावन्न. त्यातल्या दोन शाळेबाहेरच्या पाणीपुरीच्या गाडीवर का होत्या, हे मला अजून कळलेलं नाही. आणि मुख्य गेटवर चौऱ्याण्णव.

मी तीन वेळा मोजलं. एकूण दोनशे चव्वेचाळीस. आठ टिकल्या गायब.

"सात," बायको म्हणाली. "एक तुमच्या कोपराले चिकटून राहिली."

ती गेटवरचीच होती, कारण मी गेटवर कोपर टेकून बसलो होतो. म्हणजे पंच्याण्णव.

"पण गेटवर आहे काय?" मी म्हणालो. "तिथे तर सकाळी शिपाई उभा असतो, आम्ही पालक उभे असतो. सगळ्यात सुरक्षित जागा."

मुलगी दारात उभी राहून आमचा कारभार बघत होती.

"गेटवर तुम्ही राहता ना बाबा," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. जन्मली तेव्हा ती ढेमशासारखी होती. गोल, हिरवट कपडे, वर देठासारखी शेंडी. मी तिला ढेमसं म्हणायला लागलो, लाडाने ढेमसू. आता ती दोरीसारखी लांब आणि बारीक झाली आहे, पण नाव राहिलं. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात ती पाण्याची बाटली विसरली, आणि मी गेटवरून ओरडलो, "ए ढेमसू! बाटली!" वीज केंद्रात यंत्रांच्या आवाजात बोलून बोलून माझा आवाज मोठा झाला आहे. तो तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. दुपारपर्यंत वर्गात, संध्याकाळपर्यंत मैदानात. ती पळायला लागली की अख्खं मैदान म्हणायचं, "ढेमसं घरंगळलं, ढेमसं घरंगळलं!"

"मग मले सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"तुमाले सांगितलं असतं तर तुम्ही गेटवर येऊन विचारलं असतं, 'माह्या ढेमसूले कोण चिडवते बे?'"

हे खरं आहे. मी नेमकं हेच विचारलं असतं.

त्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे," पण पायाबद्दल काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तिला नावाने हाक मारायचं ठरवलं. पहिल्या हाकेला ती आलीच नाही. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, कोण आलं आहे?"

शाळेत अहवाल द्यायचा होता. 'गेट' आणि 'व्हॅनची जागा' एकत्र करून 'शाळेबाहेरील परिसर' असं लिहिता आलं असतं. एकशे पस्तीस. कुणाला काही कळलं नसतं. पण चुकीच्या रकान्यात आकडा टाकणं मला जमत नाही. पुढच्या सभेत मी उभा राहून वाचलं, गेट पंच्याण्णव, आणि त्यातल्या तीन बहुधा माझ्या घरच्या.

मग पाच दिवस मी सकाळी वीस मिनिटं गेटजवळ उभा राहून पालक काय काय ओरडतात ते लिहिलं. टमाटर, सोनपापडी, पिल्लू, मोटू, दोन वेगवेगळी बुटकं. "गणितात पाचच मार्क काहून पडले ते मॅडमले विचार!" "चड्डी बदलली का रे?" ही शेवटची हाक सहावीतल्या मुलाला, त्याच्या आजोबांनी, रस्त्याच्या पलीकडून मारली होती. गांधीबागेचे गृहस्थ माझ्या खांद्यावरून वही वाचत होते. म्हणाले, "टमाटर म्हणून ओरडलो तो मी." मग थोड्या वेळाने, "खोडता येते का गा?"

खोडता येत नव्हतं.

शाळेने गेटच्या आत पिवळी रेघ मारली. रेघेपाशी आलं की पालकांनी गप्प बसायचं. आठवीतल्या दोन मुलींना शिट्ट्या दिल्या. पहिल्या दिवशी त्यांनी अकरा पालकांवर शिट्टी फुंकली, त्यात एक वकील होते, त्यांनी हरकत घेतली आणि त्या हरकतीवर पुन्हा शिट्टी बसली. डबा विसरल्याचं खुणेने सांगायला गांधीबागेच्या गृहस्थांनी तोंडाकडे हात नेला, पोटावरून फिरवला, मग हवेत चौकोन काढला. पोराने लांबून बघितलं, आनंदाने हात हलवला आणि वर्गात गेला. डबा शेवटी शिपायाने पोचवला.

शिपायाची वेगळीच पंचाईत झाली होती. तो आयुष्यभर पोरांना 'ए जाड्या', 'ए बारक्या' म्हणत आला होता. ते बंद झाल्यावर कळलं, त्याला एकाही मुलाचं नाव माहीत नाही. तीनशेच्या वर नावं पाठ होईपर्यंत त्याने सगळ्यांना 'साहेब' म्हटलं. पाचवीची पोरं महिनाभर छाती काढून चालत होती.

वर्गावर्गांत शिक्षकांनी त्या चाळिसांचा सराव घेतला. कुणी चिडवलं तर हसायचं नाही, उलट चिडवायचंही नाही. ज्याला चिडवलं त्याच्या बाजूला जाऊन उभं राहायचं, दुसरंच काहीतरी सुरू करायचं. मुलगी घरी येऊन सांगायची. सांगताना हसायची, पण मंगळवार आला की पाय दुखायचा. फक्त आता कुठला ते ती सांगत नव्हती.

निवड शनिवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी तिने आईला विचारलं, "माहे खेळायचे बूट कुठं ठेवले वं?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि काही बोललो नाही. माझ्या बाबतीत हे प्रगतीचं लक्षण होतं.

मैदानाच्या कडेला मी जाळीबाहेर उभा राहिलो. तिची पाळी आली. ती खांबाला वळसा घालून सुटली तसा कोपऱ्यातून एक आवाज आला, "ढेमसं घरं..."

पुढचे चाळीस आवाज आलेच नाहीत. तो एकटा आवाज मैदानात अर्धवट उभा राहिला. मग तिच्या वर्गातल्या पोरी रेघेवर येऊन तिचे सेकंद मोजायला लागल्या. "बारा! तेरा! चौदा!" बाकीचा वर्ग त्यांच्यात सामील झाला. ज्याने सुरुवात केली होती तो मुलगाही चौतीसपासून मोजत होता, मी बघितलं.

इथपर्यंत सगळं उत्तम होतं. पण पोरं घाईने मोजत होती. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. त्यांचे एकशे वीस झाले तेव्हा माझे एकशे आठ झाले होते. मी शक्य तितका वेळ सहन केलं. त्यांनी एकशे पंचवीस म्हटलं आणि माझ्या तोंडून पूर्ण आवाजात निघालं, "चूक! एकशे बारा!"

अख्खं मैदान वळलं. मुलगीही वळली. आणि मागून तिच्या पाठीवर थाप पडली. बाद.

क्रीडा शिक्षक जाळीजवळ आले. "काका, तुम्ही नेमके कोणाकडून आहात?"

मुलगी मैदानातच खाली बसली होती. मला वाटलं, रडते आहे. ती पोट धरून हसत होती आणि बाजूला बसलेल्या पोरींना सांगत होती, "माहे बाबा आहेत ते. असेच आहेत."

बारा जणींच्या यादीत तिचं नाव सहावं होतं. शिक्षकांनी वेळ एकशे बाराच धरली.

स्कूटरवर घरी येताना ती मागून म्हणाली, "बाबा, सामना पुढच्या रविवारी सावनेरले आहे. तुम्ही या."

"येतो," मी म्हणालो.

"पण आईच्या बाजूनं बसायचं. आणि घड्याळ आईजवळ द्यायचं."

मी दोन्ही कबूल केलं.