गवताच्या वखारीतला अल्बम

ज्या अल्बममुळे आमचा बँड लोकांना ठाऊक झाला, तो आम्ही तलासरीजवळ गवताच्या वखारीत रेकॉर्ड केला. वखार आमच्या ड्रमर मैत्रिणीच्या मामांची. "चहूकडे वाळल्या गवताचे गठ्ठे आहेत. याहून चांगला स्टुडिओ मुंबईतही मिळणार नाही," ती म्हणाली. खरंच होतं. आत टाळी वाजवली की ती हातातल्या हातात विरायची.

आम्ही पॉप पंक वाजवायचो. वेगवान, दणदणीत मराठी गाणी, बहुतेक कॉलेजातल्या फजितीची. ती ड्रमवर, बोर्डीचा एक मित्र बेसवर, मी गिटार आणि गाणं.

तेव्हा त्या भागात भूकंपाचे हादरे बसत होते. लोक घर सोडून अंगणात झोपत. मामींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आधी जमीन गुरगुरते. आवाज आला की वाद्यं तिथंच टाका नि बाहेर या."

एका दुपारी मी आत एकटाच गात होतो. अल्बममधलं एकुलतं एक संथ गाणं. दुसऱ्या कडव्यात खालून आवाज आला. चढावर भरला ट्रक अडकावा तसा, पण पायांखाली. हेडफोन फेकून मी बाहेर पळालो.

अंगणात मामी भात वाळत घालत होत्या. ड्रमर ओट्यावर लॅपटॉपपाशी बसली होती.

"मामी, आवाज आला!"

"नाही रे. कोंबड्या बघ, दाणे टिपतायत."

जमीन हललीच नाही. ड्रमरनं रेकॉर्डिंग ऐकवलं. माझ्या गाण्याखाली घरघर स्पष्ट होती, आणि मी थांबलो तिथं तीही थांबली होती. बेसवाल्यानं सगळ्या वायरी बदलल्या. मी पुन्हा गायलो. काहीच आलं नाही.

मामींनी ती घरघर ऐकली आणि हेडफोन काढून ठेवले. "पुसून टाका हे."

आम्ही पुसलं नाही. मी तसं परत गाऊच शकत नव्हतो, म्हणून पुढचं तेवढं दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून जोडलं. अल्बम आल्यावर तेच गाणं सगळ्यांत जास्त ऐकलं गेलं. मधली घरघर कशी केली, असं अनोळखी लोक विचारायचे. मग कार्यक्रमांतही आम्ही तो तुकडा स्पीकरवर लावू लागलो.

डहाणूच्या एका सभागृहात संध्याकाळचा कार्यक्रम होता. तलासरीकडच्या गावांतून लोक जीपा भरून आले होते, मनसोक्त नाचले. मग ते संथ गाणं आलं, तसे ते मागे जाऊन बसले. घरघर सुरू झाली आणि मागच्या रांगा उठल्या. कुणी ओरडलं नाही, ढकललं नाही. बायांनी मुलं उचलली, म्हाताऱ्यांचे हात धरले, आणि सगळे मैदानात निघून गेले. उरलेले प्रेक्षक हसत बघत राहिले. मी गातच होतो. मागचे ड्रम थांबले. वळून पाहिलं तर ती दारापर्यंत पोचली होती.

तुकडा बंद करून मी बाहेर गेलो.

"अगं, स्पीकरचा आवाज होता. तुला तर माहीत होतं."

"माहीत होतं. पाय थांबले नाहीत."

मैदानात एवढी माणसं. सगळे खाली जमिनीकडे बघत उभे होते. आत परत चला, असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. त्यानंतर ते गाणं आम्ही कुठंच वाजवलं नाही.