मामंजी पिंपरीला आले नाहीत

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी वारा एवढा होता, की निरोप द्यायला आलेल्या बायकांनी तोंडावरचा पदर काढलाच नाही. कोण रडतंय आणि कुणाच्या डोळ्यांत धूळ गेलीय, काही कळेना. माझे सासरे, मामंजी, तेवढे उघड्या तोंडानं उभे होते. "तुमी जावा. रान राखाया कुणीतरी पायजे," एवढंच म्हणाले. राखायला रान होतं कुठं! माणदेशातलं आमचं शेत म्हणजे वीतभर माती आणि खाली मुरूम. त्यातली निम्मी वाऱ्यानं नेली, उरलेली वळवाच्या पाण्याबरोबर ओढ्याला गेली. बाजरी हातभर वाढून माना टाकायची.

हे असं का झालं, यावर गावाचं एकमत नव्हतं. शेतकरी म्हणत, शेळ्यामेंढ्यांनी गवत मुळासकट खाल्लं. मेंढपाळ म्हणत, बांधावरच्या बाभळी तोडून कोळशाच्या भट्ट्या लावल्या, तेव्हाच माती सुटली. म्हातारी माणसं आभाळाकडं बोट दाखवत. मला सगळ्यांचंच पटायचं. मग रागवायचं कुणावर?

पिंपरीत ह्यांना औषधांच्या कारखान्यात काम लागलं. शिफ्ट, ओव्हरटाइम हे शब्द मीही शिकले. चाळीपुढं नळ होता आणि तो खरंच वाहत होता. शेजारच्या सोनाबाई मूळच्या इथल्याच. त्यांचं काळंभोर शेत कारखान्याच्या भिंतीआड गेलेलं. "तुमची माती वाऱ्यानं नेली, आमची कंपनीनं," असं त्या म्हणायच्या. ते हसून म्हणायच्या की रडून, मला कधीच ओळखता आलं नाही.

पुढं एका उन्हाळ्यात आम्ही मामंजींना न्यायला गेलो. विहीर आटली होती. ते एकटेच लांबच्या झऱ्यावरून कावडीनं पाणी आणत होते. त्यांना असं सोडून परतायचं नाही, हे आमचं ठरलेलं. नाही नाही म्हणत तेही तयार झाले, शेळी भावकीत दिली, वळकटी बांधली.

निघायच्या सकाळी हे अंघोळीला बसले. आमच्याकडं उन्हाळ्यात बाजेवर बसून अंघोळ करायची आणि खाली परात ठेवायची. साठलेलं पाणी जनावरांना, नाहीतर दारातल्या लिंबाला. ह्यांनी बाजेकडं पाहिलंसुद्धा नाही. पिंपरीच्या सवयीनं अंगणातल्या दगडावर बसले आणि अख्खी घागर डोक्यावर ओतली. पाणी अंगणात पसरलं आणि बघता बघता जमिनीनं पिऊन टाकलं.

मामंजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते ओल्या जागेपाशी उकिडवे बसले, तिच्यावरून हात फिरवला, मग उठून वळकटी सोडायला लागले.

"मी न्हाई येत," ते म्हणाले. "त्यो इसरला. तिकडं ऱ्हायलो तर मी बी इसरंन."

ह्यांनी पुष्कळ विनवण्या केल्या. शेवटी एसटीत आम्ही दोघंच बसलो.

गावाकडच्या बायांनो, पिंपरी मानवली का, असं तुम्ही विचारता. मानवली म्हणायला जीभ रेटत नाही आणि नाही म्हटलं तर ते खोटं होईल. घर कुठलं, हेही मला आताशा धड सांगता येत नाही. एवढंच कळतं, की तिथं पाणी सांडलं तर एका माणसाच्या काळजाला लागतं. इथं मी घागर उपडी केली तरी कुणी मान वर करून बघत नाही.