उदबत्ती तेवढी लांब ठेवा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून टाळणं सोपं गेलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत टेबलावर तिचं यंत्र ठेवलेलं. काचपट्टीवर टिन ऑक्साइडचा पातळ थर. विषारी वायू लागला की थराचा विद्युतरोध घसरतो आणि भोंगा वाजतो. तिचा भाऊ साखर कारखान्यात मळीच्या टाकीत उतरला होता. वर आलाच नाही. यंत्र चाललं तर टाक्यांवर बसवू, असा अध्यक्षांचा शब्द होता. कॉलेज त्यांचं, कारखानाही त्यांचाच.

ती माझी विद्यार्थिनी, माझ्याच वस्तीतली. मग शेजारच्या टेबलावरची प्राध्यापक. असे थर मी सारी नोकरी फवारत आलो. माझे तडकायचे, नखाने निघायचे. तिचा पहिल्याच हिवाळ्यात जमला. जांभळट, कबुतराच्या मानेसारखा. मी तो उजेडात धरून पाहायचो. हातातून पडावा असं वाटायचं.

यंत्र बघायला अध्यक्ष आले. आमच्याकडे नव्या यंत्राची आधी पूजा. शिपायाने हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. ती माझ्या कानाशी म्हणाली, "सर, उदबत्ती तेवढी लांब ठेवा ना. धुरानं बी वाजतं ते."

उदबत्ती माझ्या हाताशी होती. मी हात मागे बांधले.

भोंगा वाजला. थांबेना.

"हे तर देवाच्या उदबत्तीलाच भुंकायलंय," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या लोकायला गटाराचाच वास कळायचा. धुपाचा कुठून कळंल?"

सगळे हसले. मीही हसलो. ते बोलताना माझ्याकडे बघत होते, हे घरी जेवताना लक्षात आलं.

ती यंत्र पिशवीत घालून गाव सोडून गेली. टाकीवर माणसं अजून कंदील आत सोडून हवा बघतात, आणि उतरतात.

निवृत्तीच्या दिवशी त्याच अध्यक्षांनी शाल पुढे केली.

"मी घेणार न्हाई," म्हणालो. "ते यंत्र खरं होतं. उदबत्ती मी हलवली न्हाई."

"बसा सर. ऊन लागलं असंल तुमाला."

मी बसलो नाही. आता कारखान्याच्या गेटवर जातो. उतरणाऱ्यांना सांगतो, कंदील जळला म्हणून हवा चांगली नसते, यंत्र मागा, न्हाई दिलं तर उतरू नका. हाकलतात. पुन्हा जातो. पाय चालतील तोवर जाणार.

तिला मात्र एकदाच फोन लावला.

"सर, तब्येत बरी हाय ना? काई काम होतं का?"

"न्हाई," म्हणालो.

काम होतं. पोरी, तू कानाशी बोललीस ते मला नीट ऐकू आलं होतं.