गोडाऊनमधलं पुरुमेंत

"गॅसचा वास येतोय," मठपतीसाहेब गोडाऊनच्या दारातच थांबून म्हणाले.

आम्ही तिघे हसलो. मी, गॅस एजन्सीचे मालक भाई शेट आणि गोडाऊन सांभाळणारा शाणू. मठपतीसाहेब आमचे एरिया मॅनेजर. सोलापूरकडचे, कांदा-लसूणही न खाणारे. मी त्यांच्या हाताखाली फील्ड ऑफिसर. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतली सिलिंडरची गोडाऊन तपासायची आणि ती सुरक्षित असल्याची सही करायची, हे माझं काम.

"सर, तो गॅस नाही, बांगडा आहे," मी म्हणालो.

"सुको बांगडो," भाई शेटनी दुरुस्ती केली.

मे महिना संपत आला होता. आमच्याकडे पावसाळ्याआधी चार महिन्यांची बेगमी करून ठेवतात. तांदूळ, सोलं, मिरच्या आणि मुख्य म्हणजे सुकी मासळी. या बेगमीला आम्ही पुरुमेंत म्हणतो. पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. पुरुमेंत ठेवायला जागा कोरडी लागते आणि कौलारू घर कुठे ना कुठे गळतंच. गोडाऊन स्लॅबचं, कंपनीच्या नियमाप्रमाणे बांधलेलं. म्हणून वरच्या लोखंडी पट्टीला भाई शेटच्या घरची मासळी टांगलेली असायची, शाणूच्या घरचीही असायची. मला हे ठाऊक होतं. मी सही करत होतो.

एवढं सगळं मी मठपतीसाहेबांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. बाहेरच्या माणसाला आपली संस्कृती समजावताना मला नेहमीच चेव येतो.

"मला मासा कळत नाही," साहेब म्हणाले. "गॅस कळतो."

"साहेब, पहिल्या फावटीं सगळ्यांक तशेंच दिसता," शाणू त्यांची समजूत काढत म्हणाला. "मागीर संवय पडटा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास नसतो. गळला तर कळावं म्हणून कंपनी त्यात मुद्दाम एक घाण वासाचं रसायन मिसळते. म्हणजे आमची सगळी सुरक्षा शेवटी माणसाच्या नाकावर उभी. आणि त्या नाकासमोर आम्ही बांगडे टांगले होते.

साहेब खाली वाकून भिंतीकडे बघत होते. "व्हेंटिलेटर कुठे आहेत?"

गॅस हवेपेक्षा जड असतो. तो पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीवर पसरतो. म्हणून गोडाऊनला जमिनीलगत जाळीच्या खिडक्या ठेवतात, गळलाच तर तिथून तो बाहेर जावा. त्या खिडक्यांत गोणपाटं कोंबलेली होती.

"हे कोणी केलं?"

"हांवें," शाणू म्हणाला. "माजरां भितर सरतात, साहेब. जाळी फाटल्या. माशाक येतात."

"आणि ही चटई?"

"जेवल्या उपरांत मातसो आड पडटां. हांगा थंड." साहेबांचा चेहरा बघून त्याने घाईने पुढे जोडलं, "बिडी मात भायर वचून ओडटां."

दारावर 'नो स्मोकिंग'चा बोर्ड होता, इंग्रजीत. गोवा घटक राज्य झाल्यापासून तो मराठीत करावा की कोंकणीत, यावर भाई शेट आणि त्यांचे मेव्हणे भांडत होते. निकाल लागेपर्यंत इंग्रजी राहू दे, असं ठरलं होतं. शाणूला वाचायला कुठलीच भाषा येत नव्हती.

"मासळी बाहेर काढा," साहेब म्हणाले. "सगळी. मग बघू वास कसला ते."

भाई शेट पुटपुटले, "उगीच त्रास." मलाही तसंच वाटलं. शाणूने माळा काढल्या आणि लांब अंगणात नेऊन ठेवल्या. गोणपाटं ओढून काढली. माळा नेताना त्याने एक माळ इतरांपासून वेगळी, स्वच्छ कागदावर ठेवली.

आम्ही बाहेर थांबलो. मग मी परत दाराशी गेलो. बांगडे अंगणात होते. वास आत होता.

भाई शेट म्हणाले, "भिंतींनी धरला असेल." पण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

मी साबणाचं पाणी मागवलं. सिलिंडरच्या तोंडावर ते लावायचं, गळत असेल तर बुडबुडे येतात. याहून मोठं शास्त्र त्यात नाही. मागच्या रांगेत, चटईच्या उशाकडच्या एका सिलिंडरवर बुडबुडे आले. आतली पिन नीट बसली नव्हती आणि वरची टोपी सैल होती. मी टोपी घट्ट केली. मग शाणूने आणि मी तो सिलिंडर न घसटता उचलून मोकळ्यावर नेला. जेवणाची वेळ व्हायची होती. आम्ही आलो नसतो तर जेवून शाणू तिथेच आडवा झाला असता. उठून बिडी पेटवायला तो बाहेर गेला असता खरा, पण गॅसही दारापर्यंत पोचलाच असता.

तो सिलिंडरकडे बघत उभा होता. "म्हाका वाटलें, औंदां बांगडे बरे सुकूंक नात," तो म्हणाला.

साहेब अंगणात गेले. "ही माळ वेगळी का?"

शाणू गोणपाटं गोळा करायला लागला. भाई शेट आभाळाकडे बघायला लागले.

"सर, ती माझी," मी म्हणालो. "आमचं हळर्णचं घर गळतं."

मठपतीसाहेबांनी त्या माळेकडे पाठ फिरवली. "मी ऐकलं नाही."

"सर, मी सांगतो ना. मला सगळं माहीत होतं. सही माझी आहे."

"तुमच्या सहीखाली माझी आहे," ते म्हणाले. "न बघता केलेली. म्हणून म्हणतो, मी ऐकलं नाही."

मग मी भाई शेटकडे गेलो. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही तोंड उघडलं तर माझी एजन्सी जाईल. तुमकां बरें दिसतलें, माझं काय?" शेवटी शाणूकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, तुमी गप्प रावात. तुमी गेल्यार दुसरो येतलो, तो आमकां वळखचो ना." मला मनापासून कबुली द्यायची होती, पण ती घ्यायला कोणी तयार नव्हतं. आणि मीही फार आग्रह केला नाही.

कोणावर तरी कारवाई दाखवायला हवी होती. शाणूला गोडाऊनवरून काढून सिलिंडर पोचवण्याच्या टेम्पोवर घातलं. पन्नाशीच्या माणसाच्या खांद्यावर भरलेले सिलिंडर आले. एकदा शिरगावात तो मला एका घराच्या पायऱ्या चढताना दिसला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "टेम्पोर बरें, साहेब. वारो भरपूर." तो टोमणा होता की समाधान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कमरेने त्याला फार काळ ते काम करू दिलं नाही.

मला बढती मिळाली. गळती वेळेत शोधल्याबद्दल. आता मी नव्या पोरांना सुरक्षेचं ट्रेनिंग देतो आणि त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. गोडाऊनमध्ये वास आला तर आधी बाहेर या. तो कसला, हे बाहेर येऊन ठरवा. ओळखीचा वाटला, तर जरा जास्त लांब जा.