रियाधची अजान यान्बूत

हर्णैचा सिराजुद्दीन सौदीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यान्बूत एका कारखान्यात वायरमन म्हणून आला आणि कामगार वसाहतीचा आवाज होऊन बसला. हे कुणी ठरवलं नव्हतं. वसाहतीचा रेडिओ सुरू झाला तो पत्र्याच्या एका खोलीत, तोही नुसता बसच्या वेळा सांगायला. मेसमध्ये आणि खोल्यांच्या रांगांत कर्णे लागले. कर्णा बिघडला की सिराजला हाक. एकदा बोलणाराच आजारी पडला, सिराजनं माईक हातात घेतला, तो कायमचा. मग गाणी आली, आणि बातम्यांसाठी रियाध केंद्र जोडलं गेलं. त्याचा आवाज काही मखमली नव्हता, जरा चिरकाच होता. पण माणसांना सवय झाली.

पुढे सौदीकरणाचं वारं आलं. माईकपुढे सौदी माणूसच हवा, असं साहेबानं सांगितलं. उसामा आला, रियाधचा हसतमुख गडी. सिराजला परत वायरमनकी. मन खट्टू झालं, खोटं कशाला बोला? पण उसामावर राग धरावा असं त्याच्यात काही नव्हतंच. रमजानच्या तोंडावर सिराजनं त्याला मन लावून सगळं शिकवलं.

एक तेवढं राहिलं. रियाध पूर्वेला, तिथं सूर्य यान्बूच्या अर्धा तास आधी मावळतो. म्हणून संध्याकाळी तिथली अजान लागायच्या आत रियाधची जोडणी तोडायची आणि इथला सूर्य बुडाल्यावर इथली अजान लावायची. सिराजचा हात हे इतकी वर्षं आपसूक करत आला होता, की ही शिकवायची गोष्ट आहे हेच त्याच्या डोक्यात आलं नाही.

पहिल्या रोज्याला उसामा पहिल्यांदाच एकटा बसला, त्या संध्याकाळी सिराज नमाजाआधी हातपाय धूत वजू करत होता. कर्ण्यांतून अजान घुमली. त्यानं वर पाहिलं, सूर्य समुद्रावर अजून चांगला हातभर वर. तो ओल्या पायांनी रेडिओच्या खोलीकडे धावला. उसामा तोंडात खजूर घालून प्रसन्न बसला होता. जन्मभर त्यानं याच अजानीवर रोजा सोडलेला.

"उसामा, ही रियाधची!" सिराज ओरडला आणि त्यानं बटण खाली ओढलं. उसामाचा चेहरा पांढराफटक पडला.

सिराज तसाच मेसकडे पळाला. मेसच्या खिडक्यांना जाड पडदे, आतल्यांना सूर्य कुठून दिसणार? साऱ्या वसाहतीचा दिवसभराचा रोजा आपल्या गाफीलपणानं वाया गेला. आता या माणसांना तोंड कसं दाखवायचं?

दारातच तो थबकला. खजुरांच्या ताटल्या भरलेल्या, पाण्याचे पेले भरलेले, आणि सगळे कर्ण्याकडे बघत बसलेले.

"कुणी खाल्लं?"

"कुणीच नाय," आचारी हुसेनमियाँ म्हणाला. "अजान झाली, पण तुझं 'बिस्मिल्ला करा, भावांनो' कुठं आलं? ते आल्याबिगर इथं खजुराला हात कोण लावतो?"

अजानीनंतर आपण असं काही म्हणतो, हे सिराजला धड ठाऊकही नव्हतं. तो बाकावर बसला, हसला आणि रडलाही. अल्लानं लाज राखली होती.

तेवढ्यात कर्णा खरखरला. "गलती मेरी," उसामा मोडक्या हिंदीत म्हणाला. "सूरज अभी बाकी है. माफ करो."

हुसेनमियाँ जाऊन उसामाला ते वाक्य सांगून आला. सूर्य बुडाला. यान्बूची अजान झाली. "बिस्मिल्ला करो, भाई लोग," उसामा चाचरत म्हणाला.

मेसमध्ये कुणी हललं नाही. सगळे सिराजकडे बघत होते. त्यानं मान डोलावली आणि खजूर उचलला, तेव्हा कुठे बाकीचे हात ताटल्यांत गेले.