ऑलिगोमायसिनच्या कोऱ्या नळ्या

रेष खाली यायलाच तयार नव्हती. पेशी किती ऑक्सिजन वापरतात ते मशीनच्या स्क्रीनवर दिसतं. ऑलिगोमायसिन टाकलं की रेष पडायला हवी. आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी स्नेहल हिने तिसऱ्यांदा टाकलं, तरी रेष आपली सरळ चालली होती.

ऑलिगोमायसिन म्हणजे एक अँटिबायोटिक. घसा धरल्यावर डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात, त्याच्या लांबच्या नात्यातलं. पण हे पोटात घ्यायचं नाही. पेशीत ऊर्जा बनवणारी चिमुकली चक्की असते, ती हे बंद पाडतं. चक्की थांबली की पेशीला ऑक्सिजनही कमी लागतो. संशोधनात त्याचा उपयोग तेवढ्यासाठीच.

तीन आठवडे रेष पडली नाही, तेव्हा आमच्या प्रमुख गोखले मॅडम खूश झाल्या. या पेशींच्या चक्कीतच काहीतरी नवं आहे, असं त्यांचं मत पडलं. बुधवारी समितीपुढे स्नेहलचं प्रेझेंटेशन होतं. स्लाइड तयार झाली. सेन्सरच बिघडला असेल, असं मी सुचवून पाहिलं. बिचारीने तो दोनदा उघडून पुसला.

सेन्सर ठणठणीत होता, हे मला माहीत होतं.

मी लॅबचा टेक्निकल ऑफिसर. द्रावणं करून छोट्या नळ्यांत भरायची आणि नावं घालायची, हे बावीस वर्षांचं काम. ऑलिगोमायसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून इथेनॉलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवतात. तुलनेसाठी नुसत्या इथेनॉलच्याही नळ्या भरून ठेवतात. महिन्यापूर्वी फ्रीझरमधल्या डब्यात एक झाकण सैल राहिलं, इथेनॉल सांडलं आणि मार्करची शाई धुऊन गेली. दोन ओळी नळ्या, दोन्ही पाण्यासारख्या. नियम सांगतो, फेकून द्या. नवा माल यायला सहा आठवडे लागतात. मी आठवून आठवून नावं पुन्हा लिहिली. तुलनेसाठीचं इथेनॉल स्नेहल बाटलीतून ताजं घ्यायची, म्हणून घोळ उघडा पडला नाही.

सोमवारी ती फोनवर आईला सांगत होती, "काहीतरी नवं सापडलंय, पण मला ते समजावून सांगता येत नाहीये गं." मी तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. स्नेहललाही बोलावलं.

"मॅडम, त्या नळ्यांवरची नावं मी अंदाजाने लिहिली होती."

मॅडमनी चष्मा काढला. "अंदाज अक्षरात दिसला नाही हो, कांबळे."

स्नेहल फ्रीझरकडे गेली. दुसऱ्या ओळीतली नळी घेतली, मशीन लावलं. आम्ही तिघं स्क्रीनसमोर उभे. थेंब पडला आणि रेष धपकन खाली आली. स्नेहल खुर्चीत बसून हसत सुटली.

"काका, तीन आठवडे मी या पेशींना घाबरत होते," ती म्हणाली. "समितीने 'असं का?' म्हणून विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तरच नव्हतं."

मी माफी मागितली. तिने मला कॅन्टीनमधून तीन चहा आणायला पाठवलं. माझ्या नोकरीतली सर्वांत हलकी शिक्षा.

मंगळवारी तिने पेशींचे सगळे प्रयोग पुन्हा केले, मी शेजारी बसून. बुधवारी समितीने तासभर पिळलं आणि पास केलं. आधीची चूक तिने स्वतःच सांगितली होती; ती कशी सापडली, असं एकाने विचारलंच. ती म्हणाली, "आमच्या काकांनी सांगितली." मी शेवटच्या रांगेत बुटांकडे बघत होतो.

उरलेल्या सगळ्या नळ्या मी त्याच दिवशी फेकल्या. एवढंच शिकलो: खात्री नसेल तर नळी कोरी राहू द्यावी. कोरी नळी कुणी वापरत नाही.