कुरुंद्याच्या पंगतीत जाझ, तेही पंचेचाळीसवर

जाझवाले दोन तऱ्हेचे. एक ऐकणारे, दुसरे "कशावर ऐकता?" असं विचारणारे. मी दुसऱ्यांत नुकताच भरती झालो होतो. हिंगोलीत स्टेशनजवळ भाड्याची खोली, तिच्यात बावीस कॅसेटी, चार सीड्या आणि कॉम्प्युटरात ठासून भरलेले एमपीथ्री. इंटरनेटवरच्या एका ग्रुपवर हे अभिमानानं लिहिलं, तर पुण्याच्या एका साहेबांचं उत्तर आलं: "एमपीथ्री म्हणजे उष्टं. रेकॉर्डवर ऐकेपर्यंत जाझ ऐकलं असं म्हणू नये." बारावीला बसून मला नापास व्हायची सवय आहे, पण हे लागलं.

मोबाइलच्या दुकानात माझ्यासोबत काम करणारा दत्ता कुरुंद्याचा. तो म्हणाला, "आमच्या लाऊडस्पीकरवाल्या गंगारामकाकाकडं हायत की तसल्या तबकड्या. नुसती पिपाणी वाजते, गाणं न्हाईच." मी सुट्टी टाकली. मालकाला काय कारण सांगितलं ते इथं लिहीत नाही. तो ब्लॉग वाचत नाही, पण त्याची पोरगी वाचते.

जाणाऱ्यांनी सकाळची वसमत एसटी धरावी, औंढ्यावरून जाणारी. एप्रिलात ड्रायव्हरच्या मागची सीट टाळा, इंजिन मांडीवर घेतल्यासारखं वाटतं. आणि शिरड शहापूरला भज्यांसाठी उतरू नका. मी उतरलो. समोरून शेळ्यांचा कळप आला, तो बघत राहिलो, बस गेली.

"तुमी काहून उतरले?" शेळ्यांमागच्या बाबानं विचारलं.

"भजे घ्यायला."

"मग खा आता निवांत."

पुढं काळी-पिवळी जीप मिळाली. आत अकरा माणसं, बारावा मी, आणि एक बकरं. बकऱ्याला खिडकी होती.

कुरुंद्यात अंगणाअंगणात उकडलेली हळद वाळत घातलेली. गंगारामकाका बनियनवर बसून भोंग्याला तार जोडत होते. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली आणि मी तिथंच फतकल मारून मोजायला लागलो. चौदा एलपी! त्यांत ती ट्रम्पेटवाली, जी अकरा वर्षं शोधतोय असं पुण्याचे साहेब ग्रुपवर सारखं लिहायचे. काकांनी त्या वीसेक वर्षांपूर्वी हैदराबादच्या जुन्या बाजारातून सिनेमाच्या रेकॉर्डींच्या ढिगासोबत किलोवर आणल्या होत्या.

"याचं करता काय?" मी विचारलं.

"पंगतीला लावतो. गाणं लावलं की नवरीकडचे म्हणणार हे लावा, नवरदेवाकडचे म्हणणार ते. एकदा एकानं दुसऱ्याच्या डोक्यात बुंदीचा झारा घातला. तवापासून जेवताना बिनबोलाची."

म्हणजे अख्खं कुरुंदा वीस वर्षं जाझवर जेवत होतं आणि पुण्याला पत्ता नव्हता. काकांनी ती ट्रम्पेटवाली प्लेअरवर चढवून सुई टेकवली. ट्रम्पेट उंदरासारखा किंचाळला, ढोल पत्र्यावर गारा पडाव्या तसे वाजले.

"काका, वेगाचा खटका पंचेचाळीसवर आहे! ही मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर वाजवायची."

"ठाऊक हाय. तेहतीसवर पंगत उठत न्हाई."

मग मी अर्धा तास भाषण दिलं. कलावंताचा अपमान वगैरे. शब्द सगळे पुण्याच्या साहेबांचे. काकांनी दात कोरत ऐकलं आणि म्हणाले, "आज दुपारी लग्न हाय. तुमच्या वेगानं लावा. एक बाजू संपेस्तोवर पंगत बराबर उठली तर पेटी तुमची. न्हाई उठली तर एकबी तबकडी मागायची न्हाई."

साडेबाराचं लग्न दोनला लागलं. पहिली पंगत बसली. मी खटका तेहतीसवर टाकला आणि भोंग्यातून तो ट्रम्पेट पसरला. खरं सांगतो, त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पंगतीतले एक आजोबा हातातला घास तसाच धरून डोळे मिटून बसलेले. दुसरा एक जण कोपरावर रेलून शेजाऱ्याला विहीर खोदल्याची हकिकत सांगत होता. वरण तिसऱ्यांदा फिरलं. दुसरी पंगत मांडवाबाहेर उन्हात उभी.

नवरीचा बाप फेटा सावरत धावत आला. "कोण मेलं? काहून मयतीचं लावून राहिले?"

"हे जाझ आहे."

"असंल. तिकडं दीडशे माणूस उपाशी उभं हाय."

त्या बाजूची चार मिनिटं उरली होती. चौदा रेकॉर्डी आणि चार मिनिटं. काका माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. बाहेर एक लेकरू आईचा पदर ओढून रडायला लागलं.

खटका मीच परत पंचेचाळीसवर ढकलला, म्हणजे पेटी गेली. ट्रम्पेट किंचाळला, आजोबांनी घास गिळला, विहीर अर्धी खोदून सोडली गेली. ते गाणं संपेस्तोवर पत्रावळी उचललेल्या.

"बराबर," काका म्हणाले.

तिसऱ्या पंगतीत मी जेवलो. सात पोळ्या कधी गेल्या कळलं नाही.

हिंगोलीला आल्यावर ग्रुपवर लिहिलं की ती रेकॉर्ड सापडली. साहेबांनी लगेच विचारलं, अवस्था कशी आहे? मी कळवलं, बुंदीचा पाक लागलेला आहे. त्यांनी पत्ता मागितला. दिला नाही.

संग्रहात भर शून्य. तीच ट्रम्पेटवाली माझ्याकडं एमपीथ्रीत आहे, योग्य वेगात. लावली. सुरेख वाजते. पण खोलीत पोट भरून, खुर्चीत रेलून ऐकताना मला त्या पहिल्या पंगतीतल्या माणसासारखं वाटायला लागलं, आरामात विहीर खोदणाऱ्या. पुढच्या हंगामात दत्ताच्या बहिणीचं लग्न आहे, भोंगा काकांचाच. मी पहिल्या पंगतीत बसणार नाही. उन्हात, दुसऱ्या पंगतीत, उपाशी उभा राहून ऐकणार.